दारामागची लिफ्ट

ऑफिसात तिला सगळे 'दाखवा' म्हणत. हे नाव तिनं स्वतःच्याच तोंडानं कमावलेलं होतं. हिशेबतपासनिसाकडे उमेदवारीला लागून महिनाही झाला नव्हता, तेव्हा एका छापखान्याच्या ऑडिटला ती गेली. मालक म्हणाले, कागद कापायचं नवं मशीन घेतलंय. ती म्हणाली, "दाखवा." मालकांनी बिल पुढं सरकवलं. ती म्हणाली, बिल पाहिलं, आता मशीन दाखवा. मशीन होतं, मागच्या खोलीत चांगलं धडधडत होतं, आणि मालकांनी ते मोठ्या कौतुकानं दाखवलंही. पण बरोबरची पोरं परत येताना रस्ताभर हसली आणि संध्याकाळपर्यंत नाव ऑफिसभर झालं. तिला त्याचं काही वाटलं नाही. ज्याला दुसऱ्याचे हिशेब तपासायचेत त्याला 'दाखवा' म्हणायची लाज वाटत असेल तर त्यानं दुसरा धंदा धरावा, असं तिचं मत होतं, आणि ते खोडून काढणारा माणूस तिला अजून भेटायचा होता.

ऑफिस चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला. जिना इतका अरुंद, की खालून फाइलींचा गठ्ठा येत असला तर वरच्यानं गुमान मागं सरायचं. आत चार टेबलं, छताला टेकलेली कपाटं आणि काचेच्या पलीकडे सर. सर साठीला आलेले, आवाज कधी चढायचा नाही, आणि शिकवायचे मात्र जीव ओतून. बाकीच्या ऑफिसांत उमेदवार म्हणजे चहा आणणारा आणि झेरॉक्स काढणारा. इथं सर स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि चुकलेली बेरीज पहिल्या ओळीपासून करायला लावायचे. तिला सरांबद्दल आदर होता. पुढं जे झालं ते तिला जड गेलं ते म्हणूनच.

सगळ्यात जुना उमेदवार म्हणजे 'गतवर्ष'. शेवटच्या परीक्षेनं त्याला इतक्या वेळा परत पाठवलं होतं की आता तो जाताना निरोपसुद्धा घेत नसे. उमेदवारी केव्हाच संपली, तरी सरांनी त्याला पगारावर ठेवून घेतलं होतं. त्याची कामाची रीत साधी होती. कपाटातून गेल्या वर्षीची फाइल काढायची, वरची तारीख बदलायची आणि खालचं सगळं जसंच्या तसं उतरवायचं. एका गोदामाच्या कागदांवर ओळीनं कितीतरी वर्षं एकच शेरा होता: 'पाहणीच्या दिवशी मुसळधार पाऊस असल्यामुळे मागील शेड पाहता आली नाही.' पाहणी दर वर्षी भर उन्हाळ्यात व्हायची. दाखवानं हे त्याच्या नजरेला आणून दिलं तेव्हा तो म्हणाला, आकडे बदलतात ते बदलावेच लागतात, शेऱ्यांनी काय घोडं मारलंय? माणूस वाईट नव्हता. तिला परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यानंच आणून दिल्या होत्या.

त्या वर्षी दोघांना मिळून धर्मादाय दवाखान्याचं काम आलं. दवाखाना तीन मजली, एका ट्रस्टचा, गोरगरिबांसाठी नाममात्र फी. काम असं, की दवाखान्याच्या मालमत्तेची यादी घ्यायची, आणि यादीतली प्रत्येक खाट, प्रत्येक टेबल, प्रत्येक यंत्र खरोखर जागेवर आहे का ते पाहायचं. प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला असतो. नंबर वाचायचा, यादीवर हिरव्या पेन्सिलीनं टिक करायची, आणि पान संपलं की तळाशी 'पाहणाऱ्याची सही' अशा चौकोनात सही करायची. नुसतं पाहायचं काम. त्यातही माणसं पळवाट काढतात याचं तिला नवल वाटे.

व्यवस्थापकाच्या खोलीत पंखा होता, चहा होता आणि बिस्किटांचा डबा होता. तिथली वहिवाट अशी, की व्यवस्थापक यादी वाचायचे, स्वतःच 'आहे' म्हणायचे आणि गतवर्ष टिक करायचा. खाटा, आहेत. दिवे, आहेत. निर्जंतुकीकरणाचं यंत्र, आहे. दोन कप चहात तीन मजल्यांची पाहणी उरकायची. गतवर्षानं सवयीनं खुर्ची पुढं ओढली, डब्याचं झाकण उघडलं. दाखवानं चहा घेतला, कप खाली ठेवला आणि उभी राहिली. व्यवस्थापक हसून म्हणाले, बाई, कशाला जिने चढता? ती म्हणाली, चढते की, पाय धड आहेत. मग व्यवस्थापकांना उठावं लागलं, आणि त्यांच्या मागं बिस्किट तोंडात धरून गतवर्षालाही.

पाहणी चांगली चालली होती. एक खाट काही केल्या सापडेना. शोधता शोधता ती फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खोलीत निघाली, आणि खाटेवर पहारेकरी गाढ झोपलेला. नंबर वाचण्यासाठी त्याचा एक पाय उचलावा लागला. तो जागा झाला नाही. खाट होती, नंबर होता, टिक झाली. पहारेकरी कोणत्या सदरात धरायचा हा प्रश्न तिनं सोडून दिला.

मग लिफ्ट आली. म्हणजे यादीत आली. तळमजल्यावर जिन्याला लागून पत्र्याचं चकचकीत दार, बाजूला बटणाची काळी पट्टी, दारावर पांढऱ्या रंगात नंबर, आणि वर पाटी: 'दुरुस्ती चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' पाटीचा लाल रंग विटून गुलाबी झाला होता. ती पाटी वाचत होती तेवढ्यात जिन्यावरून "बाजूला, बाजूला" असं ऐकू आलं. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नसे, म्हणून तिथले दोन स्ट्रेचरवाले रोग्याला साध्या लाकडी खुर्चीत बसवून, कमरेला चादर बांधून, उचलून खाली आणत. त्या वेळी खुर्चीत एक म्हातारी होती. सलाइनची बाटली तिनं स्वतःच्याच हातानं डोक्यावर धरली होती आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते. खालच्या बाजूच्या माणसावर सगळा भार येत होता. त्याच्या मानेच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या. खाली येऊन खुर्ची टेकली तेव्हा म्हातारीनं डोळे उघडले आणि आलो का, असं विचारलं.

लिफ्ट कधीपासून बंद आहे, असं दाखवानं विचारलं. व्यवस्थापक म्हणाले, सुटे भाग बाहेरून यायचेत, बरेच दिवस झाले. गतवर्ष तिच्या कानाशी येऊन म्हणाला, दार आहे, नंबर आहे, टिक कर आणि वर चल. ती म्हणाली, "यादीत दार नाही, दादा. यादीत लिफ्ट आहे." तिनं बटण दाबलं. ते दाबलं जाईना, कारण ते मुळी बटण नव्हतंच, वर चिकटवलेली चकती होती. तिनं दार उघडायला सांगितलं. व्यवस्थापकांनी दोन्ही खिसे चाचपले आणि किल्ली कंत्राटदाराकडे असते असं सांगितलं.

इतक्यात आया आली. हातात रिकामी बादली, खांद्यावर फडकं. "सरका जरा," म्हणाली, पायाच्या अंगठ्यानं दाराची कड धरली आणि कमरेचा एक हिसका दिला. दार बाजूला सरकलं. आत हातभर खोल जागा आणि मागं विटांची भिंत. भिंतीला खिळे, खिळ्यांना फडकी, खाली बादल्या, कोपऱ्यात फिनेलचा डबा आणि आयाच्या घरी जाण्याच्या चपला. आयानं बादली ठेवली, फिनेल घेतलं, दार पुन्हा कमरेनं लोटलं आणि या तिघांकडे पाहून म्हणाली, फरशी ओली आहे, जपून जा. दवाखान्यात त्या जागेला सगळे लिफ्टच म्हणत. केरसुणी कुठं आहे, लिफ्टमध्ये. चपला कुठं ठेवल्या, लिफ्टमध्ये. तिथल्या माणसांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं, कारण यादी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

दाखवानं दार स्वतः पुन्हा उघडलं. भिंतीवर हात ठेवून पाहिला. मग ती पहिल्या मजल्यावर गेली. तिथं दार होतं, पण ते उघडायची सोयच नव्हती, भिंतीवरच ठोकून टाकलेलं. दुसऱ्यावर तसंच. तिसऱ्यावर तर कुणी दाराचाही खर्च केला नव्हता, नुसतं बाकडं होतं आणि त्यावर नातेवाईक बसले होते. हातच्या काकणाला आरसा कशाला हवा? ती खाली आली, आणि टिक करायच्या जागी लिहिलं: 'लिफ्ट नाही. दार आहे. दारामागे विटांची भिंत. आत बादल्या.' तळाच्या चौकोनात सही केली. व्यवस्थापकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण तिनं तो पाहिला नाही. तिच्या डोळ्यांसमोर बाटली धरलेली म्हातारी होती आणि तिला इतका राग आला होता की पेन्सिलीचं टोक कागदावर मोडलं.

ऑफिसात येऊन तिनं जुनी फाइल उघडली, आणि राग जाऊन तिला हसूच फुटलं. लिफ्ट घेतल्याला आठ वर्षं झाली होती. वापरानं वस्तू झिजते म्हणून हिशेबात तिची किंमत दर वर्षी थोडी कमी करतात, त्याला घसारा म्हणतात. जी लिफ्ट जन्मात एक मजला चढली नव्हती तिच्यावर दर वर्षी न चुकता घसारा लागला होता. शिवाय देखभालीचे पैसे कंत्राटदाराला वेगळे. भिंतीची देखभाल तो काय करत होता कोण जाणे. आयाची गळकी बादलीसुद्धा त्यानं बदलून दिली नव्हती.

गतवर्षानं तिला जिन्यात गाठलं. आठही वर्षांच्या कागदांवर पाहणाऱ्याची सही त्याची होती. तो गयावया करून म्हणाला, तू आता 'नाही' लिहिलंस तर मी काय ठरतो? तिनं सांगून टाकलं, न पाहता सही करणारा. त्याचं तोंड एवढंसं झालं. तिला वाईट वाटलं, पण शब्द काही मागं घेतला नाही.

सरांनी तिच्या पाहणीची शीट दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. रागावले नाहीत. दार बंद करून घेतलं आणि तिला बसायला सांगितलं. ट्रस्टच्या अध्यक्षांनी सरांना त्यांच्या उमेदीच्या काळात पहिलं काम दिलं होतं. ते नसते तर हे ऑफिस उभंच राहिलं नसतं, हे त्यांनी लपवलं नाही. मग म्हणाले, ही गोष्ट बाहेर गेली तर देणग्या आटतील. देणग्या आटल्या तर दवाखान्याला कुलूप लागेल. मग त्या म्हातारीला खुर्चीतसुद्धा कोण नेणार? त्यांनी एक वाक्यही तयार ठेवलं होतं: 'लिफ्ट दुरुस्तीत असल्यामुळे पाहणी होऊ शकली नाही.' यात खोटं काही नाही, असं ते म्हणाले.

ती म्हणाली, "पाहणी झाली, सर. मी भिंतीला हात लावून आले."

सरांनी शीट टेबलावर ठेवली. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले, "विचार कर. घाई नाही. तुझा फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे."

हा फॉर्म म्हणजे तिच्या एवढ्या वर्षांच्या राबण्याचं सार. उमेदवारी त्याच महिन्यात संपत होती. 'प्रशिक्षण पूर्ण झाले व समाधानकारक आहे' या ओळीखाली सरांची सही पडली तरच तिला शेवटच्या परीक्षेला बसता येणार होतं. सही नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर दुसरीकडे पुन्हा उमेदवारी, आणि मालकाशी भांडून आलेल्या उमेदवाराला दारात उभं कोण करणार? सरांनी धमकी दिली नव्हती. फॉर्म कुठं ठेवलाय एवढंच सांगितलं होतं. पण ती काही दूधखुळी नव्हती.

घरी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती. घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या बाजूला बाबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान, आतल्या खिडकीशी आईचं शिलाईमशीन. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, ताईला घेऊन आधीच येऊन बसले होते. सरांकडे तिची वर्णी दाजींनीच लावली होती, त्यामुळे सरांचा फोन सरळ त्यांनाच गेला होता. दाजींनी पाण्यात राहून माशाशी वैर करू नये इथपासून सुरुवात केली. आपण दिलेल्या शब्दाचं काय, लोकांत आपली किंमत काय राहिली, एका दारासाठी एवढा तमाशा कशाला, असं बरंच. लिफ्ट काय तिच्या बापाची होती का, असंही विचारलं, आणि बाप समोरच बसला आहे हे लक्षात येऊन जरा थांबले.

आईचं म्हणणं व्यवहाराचं होतं. तिनं टाके घालता घालता निकाल दिला: आधी सही घे, परीक्षा दे, मोठी हो, मग काय तो प्रामाणिकपणा कर, तो कुठं पळून जात नाही. दाखवानं विचारलं, आणि तोवर? आईनं दोरा तोडला.

ताई इतका वेळ गप्प होती. ताई लग्नाआधी बोलकी होती, लग्नानंतर दाजी बोलू लागले. ती नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "मला टाके पडले होते तेव्हा त्याच दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीतून खाली आणलं होतं. एक स्ट्रेचरवाला रजेवर होता. मागची बाजू तुम्ही धरली होती. आठवतंय?"

दाजींना आठवत होतं. त्यांनी मान खाली घातली. ताई पुढं म्हणाली, "वळणावर तुमचा हात सुटला होता. मी कुणाला सांगितलं नाही."

त्यानंतर दाजींचं भाषण काही रंगलं नाही. ते सगळं खरं, पण, एवढं म्हणाले आणि चपला शोधू लागले. जाताना ताईनं धाकटीच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

मंडळी गेल्यावर बाबा दुकानाची फळी लावायला उठले. फळी लावता लावता म्हणाले, "खरं सांगू? तुझ्या जागी मी असतो तर सही करून मोकळा झालो असतो. मला भीती वाटते. आपल्यासारख्यांचं कोण ऐकतं?" ती म्हणाली, मलाही भीती वाटते. बाबांना वाटलं ती नमली. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तिच्या तोंडाकडे पाहून परत आत घेतला. रात्रभर तिनं सरांच्या बोलण्याचाच विचार केला, कारण त्यात तथ्य नव्हतं असं नाही. दवाखाना बंद पडला असता तर? पण देणग्या देणाऱ्यांनी लिफ्टसाठी पैसे दिले होते, आणि ते पैसे कुणी खाल्ले हे झाकायचं म्हणजे दवाखाना वाचवणं कसं, हे तिला काही पटेना. गरिबाला पुढं करून मागून हात मारायचा आणि कुणी विचारलं तर पुन्हा गरिबालाच पुढं करायचं! म्हातारीच्या त्या एकाच खुर्चीआड किती जण लपले होते?

इकडे दवाखान्यात वेगळाच प्रकार सुरू झाला. आयानं सगळं ऐकलं होतं, आणि आयानं ऐकलेली गोष्ट तीन मजले चढायला लिफ्ट लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघे स्ट्रेचरवाले सकाळी कामावर आले की आधी व्यवस्थापकांच्या दारात उभे राहायचे आणि फार अदबीनं विचारायचे, साहेब, आपली लिफ्ट आली का? मग परिचारिका विचारू लागल्या. मग रोग्यांचे नातेवाईक. कुणी आवाज चढवला नाही, कुणी काम अडवलं नाही. नुसतं विचारत राहिले. व्यवस्थापक खोलीचं दार लावून बसू लागले. अखेर अध्यक्षांचा सरांना फोन आला, आणि फोनवर सर बराच वेळ नुसतं "हो, हो" म्हणत होते, ते काचेतून सगळ्यांना दिसलं.

त्या दुपारी सरांनी दाखवाला आणि गतवर्षाला आत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक नवी कोरी शीट, दवाखान्यातून टाइप होऊन आलेली: 'लिफ्ट. प्रत्यक्ष पाहिली. दुरुस्तीत आहे.' म्हणजे 'पाहणी होऊ शकली नाही' वरूनही गाडी पुढं सरकली होती. शेजारी तिचा फॉर्म. सर म्हणाले, "मला वाद नको आहे. यावर सही कर, त्यावर मी करतो. विषय संपला."

ती म्हणाली, "मी पाहिलेली नाही, सर. नसलेली वस्तू पाहायला मला येत नाही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. शीट गतवर्षाकडे सरकवली. हे सोपं होतं. आठ वर्षं त्यानं हेच केलं होतं, नवव्याला काय अडचण? गतवर्षानं पेन उचललं. पेन चौकोनावर टेकलंसुद्धा. मग त्यानं ते खाली ठेवलं.

"सर, मी काल जाऊन आलो," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की काचेबाहेरचे पुढं झुकले. "एकटाच गेलो. दार उघडून पाहिलं. आता पाहिलंय म्हटल्यावर मला नाही जमणार."

दाखवानं त्याच्याकडे पाहिलं, तर तो जमिनीकडे पाहत होता. आठ वर्षांच्या आपल्या सह्या कुठं जाणार नाहीत हे त्याला कळत होतं, आणि तरी तो म्हणाला होता. जिन्यात आपण त्याला जे बोललो ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं, असं तिला वाटलं.

सर म्हणाले, "बरं. मग मीच करतो." त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं आणि 'पाहणाऱ्याची सही' या चौकोनात आपली लांबलचक, वळणदार सही केली. गेल्या कित्येक वर्षांत ते त्या दवाखान्याच्या पायरीवरही गेले नव्हते. सही झाल्यावर त्यांनी शीट पालथी ठेवली, मोठा श्वास घेतला, आणि एकदम मोकळे होऊन बोलू लागले. तुझ्यावर माझा राग नाही, म्हणाले. तू हट्टी आहेस, पण काम चोख आहे. मला जे करावं लागलं ते मी केलं, त्याची शिक्षा तुला कशाला? त्यांनी तिचा फॉर्म पुढं ओढला. टोपण अजून उघडंच होतं.

हे तिला अपेक्षित नव्हतं. अडवतील, ओरडतील, फॉर्म फाडतील, सगळ्याची तयारी करून ती आली होती. एका क्षणात सगळं मिळत होतं. परीक्षा, आईचा सुटकेचा निःश्वास, बाबांची झोप. तिनं काही खोटं केलं नव्हतं, काही लिहून दिलं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. पेनाचं टोक ओळीपाशी पोचलं तेव्हा तिनं फॉर्मवर हात ठेवला.

"नको, सर."

सरांना कळलं नाही. "अगं, मी सही करतोय."

"तेच नको. याच पेनानं तुम्ही आत्ता लिफ्ट पाहिली. आता याच पेनानं लिहिणार की मला हिशेब तपासता येतात. उद्या कुणी विचारलं, तुला येतं हे कुणी पाहिलं, तर मी कुणाचं नाव सांगू?"

सरांचा चेहरा पांढरा पडला. आजवर त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं, आणि ती बोलली याचा तिलाही त्रास होत होता. तिनं सांगितलं, की तिची पहिली शीट फाइलमध्ये आहे, ती काढायची असेल तर ती त्यांनी स्वतःच्या हातानं काढावी. आणि पाहिलेलं सगळं ती स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीनं लिहून प्रत्येक विश्वस्ताकडे पोचवणार आहे. दवाखाना एकट्या अध्यक्षांचा नाही, त्या सगळ्यांचा आहे. त्यांनी एकदा खाली येऊन दार सरकवावं, एवढंच तिचं मागणं.

सर हळूच म्हणाले, "तुझं अख्खं वर्ष जाईल."

"जाईल," ती म्हणाली. "माझं वर्ष गेलं तर मी पुन्हा काढीन, सर. तुमचं काय गेलं ते तुम्ही मोजा."

तिनं फॉर्म उचलला. सहीची ओळ कोरी होती. ती बाहेर आली, टेबलावरची आपली पिशवी घेतली, आणि खालून फाइलींचा गठ्ठा घेऊन येणाऱ्या माणसाला या वेळी म्हणाली की मीच आधी उतरणार आहे. तो गठ्ठ्यासकट मागं सरला आणि ती जिना उतरून रस्त्यावर आली.